खोलीबाहेरच्या वहाणा

१

माळजाई सहकारी साखर कारखान्यात देव दोन होते. एक फाटकाजवळचा भैरोबा, दुसरा ऑफिसातला कॉम्प्युटर. भैरोबासमोर माणसं खुशाल पायताणं घालून बिड्या ओढायची. कॉम्प्युटरसमोर मात्र अनवाणी. मशीन बसवायला आलेला कोण एक टायवाला पहिल्या दिवशी म्हणून गेला होता की याला धूळ चालत नाही. एवढ्यावर काचेच्या दाराला पाटी लागली, 'पादत्राणे बाहेर काढावीत', पाटीखाली लाकडी फळी आली, आणि दसऱ्याला मशीनच्या कपाळावर हळदकुंकू चढलं. त्यातलं कुंकू आत सांडून एकदा फ्लॉपी अडकली, तेव्हा नाव धुळीचंच झालं.

रहिमतपूरच्या पुढं माळावर हा कारखाना. शनिवारी सकाळी भरतेश मगदूम त्या फळीपाशी वाकला तेव्हा त्याची कंबर कुरकुरली. सांगलीहून कराड एसटीनं, तेही उभ्यानं. कराडहून रहिमतपूर, आणि तिथून खताच्या ट्रॅक्टरवर. वय अजून तिशीच्या आतलं, पण कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात माणूस आंब्यासारखा अढीत पिकतो, बाहेरून कळत नाही.

फळीवर शकुंतलाबाईंच्या सँडल होत्या, नानासो शिपायाच्या स्लिपर होत्या, आणि जुन्या कोल्हापुरी कापशी वहाणांचा एक जोड होता. अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला, पट्टा घामानं काळा झालेला. भरतेशच्याही कापशीच, पण सासऱ्यानं घेऊन दिलेल्या, नव्यातल्या. त्यानं त्या शेजारी ठेवल्या आणि आत गेला.

आत दोनच माणसं होती. तिसरं कोण असेल ते चहाला गेलं असेल, असं त्याला वाटलं. अनवाणी चहाला कोण जातं, हे सुचायला आधी झोप झालेली लागते.

"आलासा?" नानासो म्हणाला. "आमास्नी वाटलं, आता पोरीचं लगीन उरकूनच येताय."

"उद्या बारसं आहे तिचं, नाना. लग्न राहू दे."

"मग आज कशाला तडफडलात?" शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या कारखान्याच्या ऑपरेटर. एसीच्या खोलीत बसून बसून बाई वैशाखातही स्वेटर घालायच्या आणि बाहेर आल्या की माणसांना उकडतंय का म्हणून विचारायच्या.

कशाला ते सगळ्यांना ठाऊक होतं. बॉयलर पेटायची तारीख धरली होती. नवं मशीन खोक्यात येऊन पडलं होतं. जुन्यातला सगळा ऐवज, सभासदांच्या नोंदी न् उसाची क्षेत्रं, टेपवर उतरवून नव्यात घालायचा होता, आणि महिनाभर ती टेप काही उतरत नव्हती. भरतेशच्या मालकानं सांगलीत निघताना सांगितलं होतं, "टेप हातात असेल तर ये. नसेल तर तिथंच रहा."

बारसं मात्र त्याच्यासाठी थांबणार नव्हतं. पाळण्याशी कुंची घेऊन त्याची थोरली बहीण गुणमाला उभी राहणार, आणि बाळाच्या कानात सांगायचं नाव भरतेश तिला तिथंच, आयत्या वेळी देणार, असं ठरलेलं. नाव त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. चंदना रुसून बघून झाली, गुणमाला धमकावून झाली. आठवडाभर तो ते नाव जिभेखाली खडीसाखरेसारखं घोळवत होता. त्या सगळ्या वणवणीत तेवढंच काय ते गोड होतं.

२

"इंजिनेर, ह्ये बॅकअप म्हंजे नेमकं काय वं?" नानासोनं विचारलं. प्रत्येक फेरीला तो हे विचारायचा आणि प्रत्येक फेरीला उत्तर ऐकून निराश व्हायचा.

"नक्कल. असल मशीनमध्येच राहतं. नक्कल टेपवर उतरते, ती घेऊन मी जातो. तिकडं उघडली की तेच सगळं तिथं उभं राहतं."

"मंग खरं हितलं का तिकडलं?"

"दोन्ही खरं."

"असं कसं? एक कोणतरी खोटं असंल की."

"नाना, तुम्हाला काम नाही का?" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"हाय की. चहा आणायचाय. पर मला सांगा, नकलंला कळतं का, आपून नक्कल हाय म्हणून?"

"तिला काय कळायचंय," भरतेश टेप घालत म्हणाला. "तिच्यात सगळं जसंच्या तसं असतं. कुणी एखादी फाईल त्या घटकेला उघडून बसलं असेल तर तेवढी येत नाही, सुटते. म्हणून तर आधी सगळ्यांना बाहेर काढायचं."

सगळे म्हणजे वजनकाट्यावरचा कारकून, शेती खातं, स्टोअर, अकौंट. मशीन एकच, पण वायरीच्या टोकाला जिथं जिथं पडदा ठेवला होता तिथल्या माणसाला वाटायचं, अख्खं मशीन आपल्याच बापाचं. सगळे एकमेकांच्या मांडीवर बसलेले असायचे आणि कुणालाच कुणाचा पत्ता नसायचा.

शकुंतलाबाईंनी एकेकाला फोन करून बाहेर काढलं. मग भरतेशनं मशीनला विचारलं, आत कोण कोण आहे. आत एकटा बॅकअप घेणारा असेल तरच ते टेप फिरवायचं, एरवी नाही.

मशीन म्हणालं, दोन.

पहिल्या ओळीत भरतेशचं नाव. दुसऱ्या ओळीत नावाच्या जागी कोरं. आणि बसल्या जागेच्या रकान्यात दोघांचं एकच. ज्या पडद्यासमोर भरतेश बसला होता, तोच.

टेप किर्र करून मागं फिरली आणि खट्ट करून थांबली.

आता भरतेश काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. असं होतं, त्याला ठाऊक होतं. मध्येच वीज गेली की कुणाचं तरी काम अर्धवट लटकत राहतं, आणि मशीनला वाटतं माणूस अजून बसलाय. त्यानं ती कोरी ओळ पुसली. ती परत आली. मशीन बंद करून चालू केलं. परत आली. शेवटी मशीनच्या पाठीमागं पालथा पडून बाहेर जाणारी प्रत्येक वायर उपटली. आता जगात त्या मशीनला एकच पडदा होता आणि एकच खुर्ची.

दोन.

इतक्यात ऑफिसचे मुख्य लालासाहेब काचेबाहेर येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, कारण त्यांच्या बुटाच्या नाड्या सोडायला त्यांना घरून माणूस लागायचा. दार किलकिलं करून त्यांनी डोकं तेवढं आत घातलं.

"मागं तुमी म्हणालासा वायर बदला, बदलली. मग यूपीएस बदला म्हणालासा, तोबी बदलला. आता काय माझी खुर्ची बदलता काय?"

"साहेब, संध्याकाळपर्यंत करतो."

"कंची संध्याकाळ तेवढं सांगा," लालासाहेब म्हणाले आणि डोकं काढून घेतलं.

३

जेवायच्या सुट्टीत बाई आणि नानासो डबे घेऊन कँटीनकडं गेले. भरतेशला भूक नव्हती. चंदनानं दिलेला डबा पिशवीतच राहिला. खोलीत एसीची घरघर आणि तो.

तोंडावर पाणी मारायला म्हणून तो बाहेर व्हरांड्यातल्या माठाशी गेला, अनवाणीच. फळीवर त्याच्या वहाणा होत्या आणि तो जुना जोड होता. बाई गेल्या, नानासो गेला, तो जोड तिथंच. त्यानं तो निरखला. उजव्या वहाणेची टाच बाहेरच्या अंगानं झिजली होती. भरतेशच्याही प्रत्येक पायताणाची तिथंच झिजायची. पण अशी निम्म्या जिल्ह्याची झिजत असेल, असा विचार करून तो आत आला आणि बसला.

खुर्ची गरम होती.

तो उठला. रेक्झीनवर हात ठेवला. गारठ्यात बाई स्वेटर घालून बसतात ती ही खोली, आणि रेक्झीनला नुकत्याच उठलेल्या माणसाची ऊब. मग त्यानं स्वतःलाच समजावलं. नुकता कोण उठला? मीच. मघाशी मीच बसलो होतो. माठापर्यंत जाऊन यायला असा कितीसा वेळ लागतो. ऊब माझीच.

बरोबर होतं ते. बरोबरच होतं, आणि तरी तो खुर्चीच्या कडेला बसला, एसटीत शेजारी कुणी असल्यासारखा.

आत कोण आहे ते सांगणाऱ्या ओळीच्या टोकाला आणखी एक आकडा असायचा. त्या माणसानं शेवटची कळ दाबल्याला किती वेळ झाला, त्याचा. भरतेशनं ती यादी दर थोड्या वेळानं आपोआप नवी होईल अशी लावून दिली आणि दोन्ही हात मांडीत घेऊन बसला.

त्याच्या नावापुढचा आकडा वाढू लागला. एक. दोन. तीन.

कोऱ्या नावापुढं शून्य. यादी नवी झाली, शून्य. परत नवी झाली, शून्य. म्हणजे कुणीतरी टंकत होतं. न थांबता.

त्यानं समोरच्या कळांकडं पाहिलं. एकही हलत नव्हती. एसीच्या घरघरीखाली मात्र काहीतरी होतं, बारीक, एकसारखं. टिकटिक नव्हे. बोटाखाली कळ दबते तसं. ते पडद्यातून येत नव्हतं, मशीनमधून येत नव्हतं. त्याच्या मांडीच्या उंचीवर, त्याच्या दोन हातांच्या मधून येत होतं. आणि मध्ये एकदा, अनवाणी पाऊल फरशीला चिकटून सुटावं तसा आवाज झाला. त्यानं आपले पाय बघितले. दोन्ही जागच्या जागी होते.

झोप नाही, म्हणून, तो स्वतःशी म्हणाला. आणि भीती वाटू नये म्हणून त्यानं ते नाव मनात घोळवायला घेतलं. पाळणा, कुंची, गुणमालाचा वाकलेला कान, आणि त्यात ते नाव. जरा बरं वाटलं.

बाई आणि नानासो परत आल्यावर त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाहेरच्या त्या जुन्या कापशी कुणाच्या?"

"नानांच्या," बाई म्हणाल्या.

"माझ्या?" नानासो म्हणाला. "मला लालासाहेबांच्या वाटत व्हत्या. म्हणून रोज पुसून ठेवतो की."

"लालासाहेब बूट घालतात, नाना."

"आता मला काय म्हाईत, साहेब लोकांस्नी दोन-दोन असत्यात."

"कधीपासून आहेत?" भरतेशनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही यायला लागलात तेव्हापासून असतील. आम्हाला वाटलं, तुमच्याबरोबर कुणी असतं."

४

दुपार कलली. जोतीराम ड्रायव्हर काचेवर टकटक करून सांगून गेला की मिलच्या रोलरचं काहीतरी आणायला जीप सांगलीला निघतेय, यायचं असेल तर आत्ता. एसटीनं गेलं तर आता कराडलाच रात्र पडली असती आणि बारसं हुकायची भीती होती.

"दोन मिनिटं," भरतेश म्हणाला.

"दोन म्हंजे दोन हं. मला परत यायचंय, माझी बायको तुमच्या मंडळींगत गरीब न्हाई."

पडद्यावर त्या दोन ओळी होत्या. भरतेशनं कोरी ओळ पुसली, ती आली. पुसली, आली. त्याला राग येत नव्हता. राग यायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं. त्याला फक्त घरी जायचं होतं. पायरीवर बसून चपला काढायच्या होत्या आणि पोरीच्या टाळूचा वास घ्यायचा होता.

मशीनला एकच माणूस आत हवा होता. कुठला, ते मशीन विचारत नव्हतं.

हे त्याला सुचलं तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. दोघांतला एक जात नाही, तर दुसरा घालवावा. एवढं सोपं, महिनाभर कसं सुचलं नाही. बॅकअपची आज्ञा त्यानं देऊन ठेवली, आणि मग ओठांत ते नाव घोळवतच कोऱ्या ओळीऐवजी वरची ओळ पुसली. आपली.

खरं तर पडदा मिटायला हवा होता. मिटला नाही. यादीत एकच ओळ उरली, कोरी, आणि टेप फिरायला लागली. किर्र नाही, खट्ट नाही. लोण्यातून सुरी जावी तशी. आज्ञा आधीच रांगेत होती म्हणून, असं भरतेशनं मनाशी म्हटलं. शकुंतलाबाईंनी टाळी वाजवायला हात वर नेले आणि तसेच ठेवले.

टेप पूर्ण झाली. एक बारीक ओळ उमटली, की सगळं आलं, एक फाईल उघडी होती ती सुटली. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. एका फाईलचं सोमवारी बघू, म्हणून त्यानं टेप काढून पिशवीत टाकली, दार ढकललं, वहाणांत पाय सरकवले आणि व्हरांड्यातून धावला.

वळणावर त्यानं एकदा मागं बघितलं. का ते त्यालाही सांगता आलं नसतं. काचेआड बाई कपाटाशी होत्या. पडद्यासमोरच्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, खांदे जरा पाडून, दमल्यासारखं. कोण ते त्याला ओळखता आलं नाही. आपली पाठ माणसानं कधी बघितलेली नसते.

५

"काय ठेवणार नाव?" जोतीरामनं कराड ओलांडल्यावर विचारलं.

"उद्या कळेल," भरतेश म्हणाला. आठवडाभराच्या सवयीनं म्हणाला, हसला, आणि जिभेखाली नाव चाचपलं.

तिथं काही नव्हतं.

दमल्यावर असं होतं. घरचा पत्ता आठवत होता. चंदनाचा आवाज, गुणमालाच्या हातावरचा भाजल्याचा वण, मालकाचा फोन नंबर, सगळं जसंच्या तसं होतं. त्यानं अ पासून अक्षरं घेऊन बघितली. नाव जिथं असायचं तिथं गुळगुळीत होतं, दात पडून गेल्यावर हिरडी होते तसं.

"झोपा जरा," जोतीराम म्हणाला. "तुमचं त्वांड बघून पोरगी रडंल."

घरी पायरीवर वहाणा काढताना त्याला दिसलं. घाईत त्या जुन्याच घातल्या होत्या. अंगठा बरोबर खळग्यात बसला होता. इतका बरोबर, की सांगलीपर्यंत त्याला कळलंही नव्हतं.

"या कुणाच्या?" चंदनानं विचारलं.

"बदलल्या गं. सोमवारी परत करीन."

बाळ झोपलं होतं. त्यानं टाळूचा वास घेतला. छान होता. पण आपण हा वास यापूर्वी घेतलाय, असं नुसतं ठाऊक होतं. कुणी सांगितल्यासारखं ठाऊक.

६

रविवारी घर बायकांनी भरलं. घुगऱ्यांचा वास, पाळण्याला मोगरा, गुणमाला नव्या इरकलीत. नाव भरतेशला रात्रभर आठवलं नव्हतं. आता पाळण्याशी दुसरं कुठलंही सांगून टाकायचं, कुणाला कळणार, असं त्यानं ठरवलं होतं. त्याला कळणारच होतं, तेवढीच अडचण.

"भरत्या, ये रे लवकर," गुणमाला म्हणाली. "कान तयार आहे माझा."

तेवढ्यात खालच्या दुकानातून हाक आली, मगदूमांचा फोन. तो जुन्या वहाणांत पाय घालून खाली गेला आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो, मगदूमांच्या घरचं कुणी आहे का? मी कारखान्यातून बोलतेय, शकुंतला. एक निरोप होता."

तो 'बाई, मीच बोलतोय' म्हणणार होता, पण बाईंना मध्ये कुणी बोललेलं खपायचं नाही.

"भरतेश साहेबांनी सांगितलंय, बारशाला यायला जमत नाही. काम अडकलंय अजून. कालपासून खुर्चीतून हललेले नाहीत हो. आज नाना डबा घेऊन गेले तर मागं न वळता म्हणाले, ठेवा तिथं. वहाणा तेवढ्या बाहेर आहेत त्यांच्या, म्हणून आहेत म्हणायचं. मशीन परत दोन दाखवतंय सकाळपासून."

दुकानदार काट्यात साखर तोलत होता. वरून कुणीतरी पाळण्याचं गाणं सुरू केलं.

"आणि टेप?" भरतेशनं विचारलं. आवाज त्याचाच निघाला.

"टेप पाठवली की त्यांनी काल जीपनं. पोचली ना? बरं, मुख्य राहिलंच. नाव सांगितलंय त्यांनी, आत्याबाईंना द्या म्हणाले. मृगावती. लिहून घ्या, म-ला र नाही, म-ला ऋ."

तेच होतं. ऐकल्याबरोबर त्याला कळलं, की तेच. आणि हेही कळलं, की ते त्याला आठवलं नव्हतं. ते त्याला आत्ता पहिल्यांदा सांगितलं गेलं होतं.

"हॅलो," बाई म्हणाल्या. "आपण कोण बोलताय?"

त्यानं खाली बघितलं. पाय होते, वहाणा होत्या, खळग्यात अंगठा होता.

"मी टेप घेऊन आलोय, बाई," तो म्हणाला.

"हां हां, तुम्ही होय. बरं झालं भेटलात," बाई मोकळ्या आवाजात म्हणाल्या. "साहेब म्हणाले, त्यालाही तसंच पाठवू नका. दमून आला असेल. बारशाचं जेवूनच जा."